अडत दुकानाची हिशेबपट्टी आणि क्लिपबोर्ड : वाचण्या-लिहिण्यातील खाचखळगे

हरिपूर_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाची हिशेब प्रणाली मी सांभाळतो. हळद आणि बेदाणा असे दोन्ही सौदे तेथे होतात. प्रणाली विंडोजसाठी सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहे. ती मुळात लिहिणारे गृहस्थ आता परगावी असतात, त्यामुळे त्यांचा हेतू कोड वाचूनच ओळखावा लागतो. दुकानातील दिवाणजी खरेदीदाराकडून आलेल्या एक्सेलच्या तक्त्यातून लॉट क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, खाते क्रमांक, वजन आणि दर या रकान्यांच्या ओळी कॉपी करून आमच्या खिडकीत पेस्ट करतात. उलट दिशेने, हमाली, तोलाई वजा होऊन तयार झालेली पट्टी आमच्याकडून कॉपी होते आणि कधी वर्डमध्ये, कधी एक्सेलमध्ये, पण बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून शेतकऱ्याकडे जाते. थोडक्यात, दिवसभराची निम्मी ये-जा क्लिपबोर्डवरूनच, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता ठेवणाऱ्या जागेवरूनच होते.

तक्रारी तीन आहेत. सौदे आटोपल्यानंतरच्या घाईत अधूनमधून ‘क्लिपबोर्ड उघडता आला नाही’ असा संदेश येतो. तेच काम पुन्हा केले की बिनबोभाट होते. दुसरी तक्रार मराठी नावांची. काही तक्त्यांतील नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात, तर काहींमध्ये रोमन अक्षरांची आणि खुणांची अगम्य रांग येते. तिसरी तक्रार नव्याने सुरू केलेल्या ब्राउझर आवृत्तीची आहे. तिच्यातील ‘पट्टी कॉपी करा’ हे बटण माझ्या संगणकावर व्यवस्थित चालते, परंतु दुकानातील बाकीच्या संगणकांवर दाबले तरी काहीच घडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुन्या कोडमध्ये दर अर्ध्या सेकंदाला क्लिपबोर्ड वाचणारा टायमर आहे. त्याला तक्त्यासारखे काही दिसले की तो आपणहून नवी पट्टी उघडतो. दिवाणजींना ही सोय आवडते, म्हणून तिला हात लावायला मी धजावलेलो नाही.

मिरज_जंक्शन

पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. विंडोजमध्ये लॉग-इन केलेल्या वापरकर्त्याच्या सर्व प्रोग्रॅमना मिळून एकच क्लिपबोर्ड असतो आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम तो उघडू शकतो. ‘ओपनक्लिपबोर्ड’ने उघडायचा, ‘एम्प्टीक्लिपबोर्ड’ने रिकामा करून मालकी घ्यायची, ‘सेटक्लिपबोर्डडेटा’ने मजकूर ठेवायचा आणि ‘क्लोजक्लिपबोर्ड’ने तत्काळ सोडायचा, असा त्याचा क्रम आहे. मधल्या काळात दुसऱ्या कोणी उघडायचा प्रयत्न केला तर त्याला नकार मिळतो. त्याला रांगेत उभे केले जात नाही. डॉटनेटचे विनफॉर्म्स (सी-शार्पच्या प्रोग्रॅमांना खिडक्या पुरवणारी चौकट) हा नकार पचवण्यासाठी मूळचेच शंभर मिलिसेकंदांच्या अंतराने दहा वेळा प्रयत्न करते आणि त्यानंतर अपवाद फेकते, म्हणजे चूक झाल्याचे कळवून काम थांबवते. म्हणजे तुम्हाला संदेश दिसला, याचा अर्थ कोणीतरी जवळजवळ सेकंदभर क्लिपबोर्ड अडवून बसले होते किंवा प्रत्येक प्रयत्नाच्या क्षणी नेमके कोणीतरी आत होते.

दुकानातील संगणकावर असे उमेदवार पुष्कळ असतात. रिमोट डेस्कटॉप सुरू असेल तर त्याचा क्लिपबोर्ड वाहून नेणारा भाग असतो, विंडोजचा स्वतःचा क्लिपबोर्ड इतिहास असतो, एखादे भाषांतराचे किंवा स्क्रीनशॉटचे साधन असते. त्यात तुमचा टायमर. संदेश आला की त्याच क्षणी ‘गेटओपनक्लिपबोर्डविंडो’ला विचारून कोणत्या खिडकीने क्लिपबोर्ड धरला आहे ते लॉगमध्ये लिहावे आणि त्या खिडकीवरून प्रक्रियेचे नावही काढावे. तर्क लढवत बसण्यापेक्षा दोन दिवसांचा लॉग अधिक बोलतो.

टायमर मात्र काढाच. एक्सेल कॉपी करताना सगळी स्वरूपे तयार करून ठेवत नाही. ‘माझ्याकडे हे हे मिळेल’ एवढीच यादी ते जाहीर करते आणि कोणी मागितले की मग तो भाग बनवून देते. मोठा तक्ता कॉपी करून वर्कबुक बंद करताना ‘क्लिपबोर्डवर बराच मजकूर आहे, तो ठेवायचा का’ असा प्रश्न एक्सेल विचारत असे, तो यामुळेच. तुमचा टायमर दर अर्ध्या सेकंदाला मागणी करत असेल, तर तुम्ही स्वतःच्या नकारांची सोय करताच, शिवाय एक्सेललाही विनाकारण कामाला जुंपता. विंडोज व्हिस्टापासून ‘ॲडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर’ उपलब्ध आहे. क्लिपबोर्ड खरोखर बदलला की तुमच्या खिडकीला निरोप येतो. निरोप मिळताच धावू नये, कारण तोच निरोप इतरांनाही मिळालेला असतो आणि सगळे एकाच वेळी दारात गर्दी करतात. थोडे थांबून, आणि ‘गेटक्लिपबोर्डसीक्वेन्सनंबर’ने मिळणारा, क्लिपबोर्ड बदलला की बदलणारा अनुक्रमांक मागच्यापेक्षा वेगळा आहे याची खात्री करून वाचावे.

एक जाता जाता: बॅकग्राउंड थ्रेडवरून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मागे चालणाऱ्या कामातून, क्लिपबोर्डला हात लावू नका. डॉटनेटला त्यासाठी ‘एसटीए’ प्रकारचा थ्रेड लागतो, जसा खिडकीचा मुख्य थ्रेड असतो.

कृष्णाकाठ

मी कऱ्हाडला असते आणि पतसंस्थांच्या प्रणालींचे काम करते, त्यामुळे दुसऱ्या तक्रारीशी माझा रोजचा संबंध आहे. प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांची रांग हे दोन निरनिराळे आजार आहेत आणि दोन्हींवर एकच औषध चालणार नाही.

प्रश्नचिन्हे येतात ती जुन्या ‘सीएफ टेक्स्ट’ या स्वरूपामुळे. क्लिपबोर्डवर एकच मजकूर अनेक स्वरूपांत एकाच वेळी असतो. त्यातील ‘सीएफ युनिकोडटेक्स्ट’ हा यूटीएफ-१६ या युनिकोड पद्धतीत असतो, तर ‘सीएफ टेक्स्ट’ हा त्या संगणकाच्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या मर्यादित अक्षरसंचात असतो आणि सामान्यतः त्या कोडपेजात देवनागरीला जागाच नसते. एक स्वरूप ठेवले तर दुसरे विंडोज स्वतः तयार करून देते, परंतु युनिकोडकडून कोडपेजकडे येताना ज्या अक्षराला जागा नाही त्याचे प्रश्नचिन्ह होते आणि ते पुन्हा मूळ अक्षर होत नाही. तुमच्या कोडमध्ये ‘टेक्स्टडेटाफॉरमॅट डॉट टेक्स्ट’ शोधा आणि तेथे ‘युनिकोडटेक्स्ट’ करा.

रोमन अक्षरांची रांग ही मात्र कोडची चूक नव्हे. तो तक्ता श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असणार. अशा तक्त्यात साठवलेली अक्षरे मुळातच रोमन किंवा खुणांची असतात. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो एवढेच. साध्या मजकुराच्या स्वरूपात फॉन्टचे नाव प्रवास करत नाही, म्हणून पेस्ट करताच सोंग उघडे पडते. पण एक्सेल त्याच वेळी ‘एचटीएमएल फॉरमॅट’ (वेबपानाची मांडणी) आणि आरटीएफ ही सजावटीसह मजकूर नेणारी स्वरूपेही देत असते आणि त्यांच्यात फॉन्टचे नाव असते. साधा मजकूर घेण्यापूर्वी एचटीएमएलमधील त्या रकान्याचा फॉन्ट पाहावा. तो जुन्या कुळातील निघाला तर त्या फॉन्टच्या तक्त्याप्रमाणे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि फॉन्ट अनोळखी असेल तर ओळ स्वीकारू नये. केवळ अक्षरे पाहून फॉन्ट ओळखण्याचे प्रयोग होतात, परंतु ‘हे कोणत्या फॉन्टचे असावे’ असा अंदाज एखाद्याच्या बँक खात्यासमोरच्या नावावर करणे मला तरी पटत नाही.

आता लिहिण्याबद्दल. तुमची पट्टी वर्डमध्ये पेस्ट केल्यावर शेवटच्या ओळी गळतात का, हे एकदा तपासा. ‘एचटीएमएल फॉरमॅट’ लिहिताना सुरुवातीला एक शीर्षक द्यावे लागते आणि मजकूर कोठे सुरू होतो, कोठे संपतो हे त्यात आकड्यांनी सांगावे लागते. हे आकडे यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतील बाइट्सचे असतात, अक्षरांचे नव्हे, आणि ते शीर्षकाच्याही आरंभापासून मोजायचे असतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेते. ‘हळद’ ही तीन चिन्हे म्हणजे ९ बाइट्स, ‘सांगली’ काना-अनुस्वार-वेलांटी धरून सहा चिन्हे, म्हणजे १८. स्ट्रिंगची लांबी, म्हणजे मजकुरातील चिन्हे मोजून आकडा लिहिला तर तो नेहमी कमी भरतो आणि पट्टीचा शेवट, म्हणजे नेमकी एकूण रक्कम, कापली जाते. इंग्रजी नावांवर चाचणी करणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. आधी मजकुराचे बाइट्स करून घ्यावेत, मग मोजावे. आणि शीर्षकातील आकडे शून्ये लावून ठरावीक दहा अंकी ठेवावेत, म्हणजे आकडे भरताना शीर्षकाचीच लांबी बदलत नाही.

तासगाव_नाका

चर्चा उत्तम चालली आहे, तरीही मूळ प्रश्न विचारतो. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा खरेदीदाराची एक्सेल फाइल सरळ उघडून वाचली तर काय बिघडते? फाइलमध्ये खाते क्रमांक पूर्ण असतो, फॉन्ट माहीत असतो आणि कुलूपबंद क्लिपबोर्डचा प्रश्नच येत नाही.

कृष्णाकाठ

@तासगाव_नाका, ज्या खरेदीदाराचा तक्ता वर्षभर एकाच साच्यात येतो त्याच्यासाठी तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. परंतु बेदाण्याच्या सौद्यात दिवाणजी तक्त्यातील आपल्या दुकानाच्या तेवढ्याच ओळी निवडतात, मधल्या दोन गाळतात आणि एखादी ओळ उद्यासाठी ठेवतात. ही निवड त्यांच्या डोक्यात असते, फाइलमध्ये नसते, आणि कॉपी करण्याच्या क्रियेतून ती आपल्याला आयती मिळते. दोन्ही वाटा ठेवाव्यात.

विश्रामबागकर

तिसऱ्या तक्रारीचे उत्तर मी देतो. दुकानातील इतर संगणकांवर तुमची प्रणाली ‘१९२.१६८’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर, साध्या एचटीटीपीने उघडत असणार. ‘नेव्हिगेटर डॉट क्लिपबोर्ड’ ही सोय ब्राउझर फक्त सुरक्षित संदर्भात देतो, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (प्रणाली त्याच संगणकावर चालत असेल तेव्हा). तुमच्या संगणकावर पत्ता लोकलहोस्ट असतो म्हणून बटण चालते. बाकीच्यांकडे ती वस्तू अस्तित्वातच नसते आणि कोड तेथेच निमूटपणे कोलमडतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (पानातील चुका दाखवणाऱ्या खिडकीत) ‘अनडिफाइन्ड’ असा उल्लेख असलेली लाल ओळ दिसेल.

दुकानाच्या अंतर्गत नेटवर्कसाठी प्रमाणपत्र तयार करून सर्व संगणकांना ते विश्वासार्ह म्हणून शिकवणे हा सरळ मार्ग. तोपर्यंत लपवलेल्या टेक्स्टएरियात (मजकुराच्या चौकटीत) मजकूर निवडून ‘एक्झेककमांड’ने कॉपी करावे. ती पद्धत कालबाह्य ठरवली असली तरी ब्राउझरांनी काढलेली नाही. वाचण्यासाठी तर पानाने क्लिपबोर्ड थेट वाचण्याच्या ‘रीडटेक्स्ट’च्या वाटेलाच जाऊ नये. दिवाणजींनी कंट्रोल-व्ही दाबले की पानाला ‘पेस्ट’ ही घटना मिळते आणि तिच्यातील ‘क्लिपबोर्डडेटा’तून साधा मजकूर व एचटीएमएल दोन्ही मिळतात, एचटीटीपीवरही मिळतात आणि परवानगीची खिडकीही उघडत नाही. ‘रीडटेक्स्ट’ला क्रोम परवानगी मागते, तर २०२४ मध्ये ही सोय देणारा फायरफॉक्स दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या मजकुरासाठी ‘पेस्ट’ असे छोटे बटण दाखवतो.

आणखी एक अडचण एचटीटीपीएस केल्यावर समोर येईल. बटण दाबल्यानंतर आधी सर्व्हरकडून पट्टी मागवायची आणि ती आल्यावर क्लिपबोर्डवर लिहायची असा क्रम असेल, तर दुकानाचे नेट मंदावले की लिहिणे नाकारले जाते, कारण वापरकर्त्याने बटण दाबल्याची नोंद ब्राउझर थोडाच वेळ ग्राह्य धरतो. सफारी याबाबत जास्तच कडक आहे. उपाय असा की बटण दाबताक्षणी ‘क्लिपबोर्डआयटम’ तयार करावा आणि त्यात मजकुराऐवजी मजकुराचे प्रॉमिस, म्हणजे तो नंतर देण्याचे वचन द्यावे. त्याच आयटममध्ये साधा मजकूर आणि एचटीएमएल अशी दोन्ही स्वरूपे ठेवता येतात. बाइट्स मोजण्याची कटकट ब्राउझर स्वतः निस्तरतो.

हरिपूर_रोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पत्त्याचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. लॉगमध्ये क्लिपबोर्ड धरणारी प्रक्रिया रिमोट डेस्कटॉपची दिसते आहे, कारण मालकांचे करसल्लागार दुपारी दुरूनच काम करतात. टायमर काढून निरोपाची पद्धत लावली आहे आणि वर्डमध्ये शेवटची ओळ गळण्याचे कारणही सापडले.

आता उरलेला प्रश्न पट्टी आपणहून उघडण्याचा. ही सोय चालू ठेवावी का?

पेठभाग

माझे मत स्पष्ट आहे: ठेवू नये. क्लिपबोर्डवर पुढच्या क्षणी काय असेल हे तुमच्या हातात नसते. दिवाणजी त्याच संगणकावर बँकेचा पासवर्ड कॉपी करतील, घरचा निरोप कॉपी करतील, आणि तुमचा प्रोग्रॅम तो ‘तक्ता आहे का’ हे पाहण्यासाठी का होईना, वाचणारच. मोबाइलच्या जगाने हा विषय केव्हाच निकालात काढला आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून समोर नसलेल्या ॲपला क्लिपबोर्ड वाचताच येत नाही. अपवाद फक्त निवडलेल्या कीबोर्डचा. अँड्रॉइड १२ ने दुसऱ्या ॲपमधील मजकूर वाचला की तळाशी सूचना दाखवायला सुरुवात केली. आयओएस १४ ने २०२० मध्ये अशीच सूचना दाखवायला आरंभ केला, तेव्हा कितीतरी नावाजलेली ॲप्स उघडल्या उघडल्या क्लिपबोर्ड चाळतात हे लोकांना प्रथमच दिसले. २०२२ च्या आयओएस १६ मध्ये तर थेट परवानगीच विचारली जाऊ लागली. डेस्कटॉपवर कोणी अडवत नाही, एवढ्यावरून ते करण्याचा परवाना मिळत नाही.

सोय टिकवायची असेल तर तिचे टोक बदला. खिडकी समोर असताना एका कळीवर, समजा एफ-७ वर, ‘क्लिपबोर्डवरून नवी पट्टी’ अशी आज्ञा ठेवा. दिवाणजींना एक कळ जास्त दाबावी लागेल, यापलीकडे त्यांचे काही जात नाही.

लिहितानाही हाच विचार करावा. शेतकऱ्याचा खाते क्रमांक तुम्ही क्लिपबोर्डवर ठेवला की तो विंडोजच्या इतिहासात शिरतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून विंडोज-व्ही दाबल्यावर शेवटच्या पंचवीस नोंदी दिसतात. नंतर क्लिपबोर्ड रिकामा केला तरी इतिहासातील नोंद राहतेच. म्हणून लिहितानाच ‘कॅनइन्क्लूडइनक्लिपबोर्डहिस्टरी’ या नावाचे स्वरूप नोंदवून त्यात शून्य ठेवावे, तसेच दुसऱ्या यंत्रांवर जाऊ नये यासाठी ‘कॅनअपलोडटूक्लाउडक्लिपबोर्ड’चेही करावे. काही वेळाने आपला मजकूर पुसायचा असेल तर आधी क्लिपबोर्डचा अनुक्रमांक तपासावा. मधल्या काळात वापरकर्त्याने दुसरे काही कॉपी केले असेल तर ते पुसण्याचा आपल्याला अधिकार नाही. अँड्रॉइडवर अशा मजकुराला ‘संवेदनशील’ अशी खूण लावता येते आणि अँड्रॉइड १३ त्याची झलक पडद्यावर झाकून ठेवतो.

औदुंबर_वाट

मालक लिनक्सचा विचार करत असतील तर एक इशारा. एक्स-११ या लिनक्सवरील खिडक्यांच्या व्यवस्थेत क्लिपबोर्ड नावाचे कोठार नसतेच. व्यवहार गोदामाच्या पावतीवर व्हावा आणि माल मूळ मालकाकडेच पडून राहावा, तसा तेथे कॉपी केलेला मजकूर मूळ प्रोग्रॅमकडेच राहतो आणि पेस्ट होताना त्याच्याकडून मागवला जातो. पट्टी कॉपी करून तुमची खिडकी बंद केली की पेस्ट करायला काही उरत नाही, जोवर क्लिपबोर्ड व्यवस्थापक मध्ये पडून मजकूर आधीच घेऊन ठेवत नाही. विनफॉर्म्समध्येही ‘सेटडेटाऑब्जेक्ट’ला दुसरा प्राचल (पॅरामीटर) ‘ट्रू’ दिला नाही तर विंडोजवरसुद्धा हेच घडते.

हरिपूर_रोड (धागाकर्ता)

एफ-७ ची सूचना दिवाणजींनी मान्य केली आहे. तक्ता निवडतानाच पट्टी मध्ये उडी मारत असे, त्याचा त्यांनाही त्रास होता, असे त्यांनी आत्ता सांगितले. साध्या मजकुराचे विश्लेषण करताना मात्र नवे प्रकार दिसत आहेत. एका ओळीत वजनाच्या जागी नुसते ‘#####’ आले, एका खाते क्रमांकाच्या जागी ‘ई’ अक्षर असलेला दशांश आकडा आला, एका खरेदीदाराच्या तक्त्यात दर देवनागरी अंकांत होते आणि कऱ्हाडचे एक जुने खातेदार आमच्या यादीत सापडेनात.

कृष्णाकाठ

चारही गोष्टींची कारणे सरळ आहेत. एक्सेल साध्या मजकुरात पेशीतील मूल्य देत नाही, पडद्यावर जे दिसते ते देते. रकाना अरुंद असेल तर ‘#####’ दिसते आणि तेच येते. बारा किंवा अधिक अंकी क्रमांक ‘जनरल’ या सामान्य स्वरूपात असेल तर तो घातांकी पद्धतीने दिसतो आणि तसाच येतो. पंधरा अंकांपुढचे तर एक्सेलने संख्या म्हणून घेतानाच शून्य केलेले असतात, त्यामुळे तेथे क्लिपबोर्डला दोष देऊन उपयोग नाही. अशा ओळी दुरुस्त करण्याचा खटाटोप करू नये, दिवाणजींना दाखवून परत कॉपी करायला सांगावे. उलट दिशेने, तुम्ही एचटीएमएलमधून खाते क्रमांक एक्सेलला देता तेव्हा त्या पेशीच्या शैलीत ‘एमएसओ-नंबर-फॉरमॅट’ मजकूर प्रकारचे ठेवा, म्हणजे सुरुवातीची शून्ये गळत नाहीत.

देवनागरी अंकांचा सापळा गमतीदार आहे. सी-शार्पमधील ‘कॅर डॉट इजडिजिट’ हे ‘५’ या चिन्हाला अंक म्हणून होकार देते, पण मजकुराची संख्या करणारे ‘इंट डॉट पार्स’ त्यालाच नाकारते. म्हणजे तपासणी उत्तीर्ण होते आणि पुढच्याच ओळीत अपवाद येतो. शून्य ते नऊ ही दहा चिन्हे आधी बदलून घ्यावीत, आपल्या पद्धतीचे लाख-हजारांचे स्वल्पविराम काढावेत आणि मगच संख्या करावी.

राहिले आमचे कऱ्हाड. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्यात सहा चिन्हे आहेत आणि दुसऱ्यात सात, त्यामुळे तुलना फसते. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याची रीत) या दोघांना एक करत नाही. पेस्ट केलेला मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी सगळी अदृश्य चिन्हे सरसकट उडवण्याचा कोड तुमच्याकडे असेल तर तो आधी थांबवा. त्याने दुसऱ्या प्रकारच्या नावातील अर्ध्या र चा रफार होऊन ‘कर्हाड’ उरते. र, हलन्त आणि जॉइनर ही जोडणी सापडली की तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे, आणि हाच नियम तुमच्या जुन्या खातेदारांच्या यादीवरही एकदा चालवून घ्यावा.

मिरज_जंक्शन

त्यात एवढेच जोडतो की ओळी केवळ नव्या ओळीच्या चिन्हावर तोडू नका. पेशीत आल्ट-एंटरने दोन ओळींचा पत्ता लिहिलेला असेल तर एक्सेल ती पेशी दुहेरी अवतरणचिन्हांत घालून देते आणि आतील अवतरणचिन्ह दोनदा लिहिते. शिवाय निवडीच्या शेवटीही एक नवी ओळ असते. ती न वगळल्यास प्रत्येक पट्टीच्या तळाशी शून्य वजनाचा एक बिननावाचा लॉट तयार होतो.

हरिपूर_रोड (धागाकर्ता)

तो बिननावाचा लॉट आमच्याकडे आहे, आणि दिवाणजी रोज सायंकाळी तो हाताने पुसतात. उद्याच काढतो.